पर्यावरण, वन्यजीव आणि आरोग्य: शास्त्रज्ञाची मुलाखत घ्यायची रीत, तयारीपासून दुरुस्तीपर्यंत

मराठवाड्यात शास्त्रज्ञांच्या मुलाखती आता भरपूर होतात. जिल्हा दैनिकाची पुरवणी असो, कॉलेजचं वार्षिक असो की तालुक्यातलं युट्यूब चॅनेल, बिबट्या दिसला, जनावरांना लंपी झाला, कोंबड्या मेल्या की कुणीतरी कुणालातरी फोन लावतं. त्यातल्या बहुतेक मुलाखती ‘सर, आपला प्रवास सांगा’ने सुरू होतात आणि ‘तरुणांना काय संदेश द्याल’वर संपतात. मधल्या जागेत संशोधन आलंच तर आकडा चुकलेला असतो, नाहीतर अट गळालेली असते, आणि मथळा तर भलताच काहीतरी सांगतो. मग शास्त्रज्ञ पुढच्या वेळी फोन उचलत नाही आणि वाचक चुकीची माहिती घेऊन शिवारात जातो.

प्रश्न विचारताना फारसं बिघडत नाही. बिघडतं ते न वाचता फोन लावल्यामुळे आणि न तपासता छापल्यामुळे. म्हणून खाली मुलाखतीच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: विषय आवळून घ्या

‘मराठवाड्यातलं पर्यावरण’ एवढ्या मोठ्या विषयावर कुणीही तासभर बोलेल आणि हाती काही लागणार नाही. ‘पैठणच्या नाथसागरात हिवाळ्यात येणारे पाणपक्षी मोजतात कसे’ यावर मात्र मुलाखत होऊ शकते. तसंच ‘ऊसतोड कामगारांचं आरोग्य’ हे भाषणाचं शीर्षक झालं. ‘बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची पाहणी कुणी केली, कशी केली आणि त्यातून काय सिद्ध होतं’ हा मुलाखतीचा विषय झाला.

विषय एका वाक्यात लिहून काढा. त्या वाक्यात जागा हवी, प्राणी किंवा आजार हवा आणि शेवटी प्रश्नचिन्ह हवं. प्रश्नचिन्ह येत नसेल तर विषय अजून सैल आहे.

## टप्पा २: माणूस निवडा

डॉक्टर, प्राध्यापक, वनाधिकारी, सर्पमित्र आणि संशोधक ही वेगवेगळी माणसं आहेत, आणि आपण सगळ्यांना ‘तज्ज्ञ’ म्हणून एका ओळीत बसवतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ गुलाबी बोंडअळीवर अधिकाराने बोलतील. त्यांनाच ‘जाता जाता’ बिबट्याबद्दल विचारू नका. ते सौजन्याने उत्तर देतील आणि तुम्ही ते ‘शास्त्रज्ञांचं मत’ म्हणून छापाल. सर्पदंशाचे शेकडो रुग्ण तपासलेला डॉक्टर उपचाराबद्दल खात्रीने सांगू शकतो, पण विषावर प्रयोगशाळेत काम करणारा माणूस वेगळा. दोघांशी बोला, मात्र दोघांना वेगळे प्रश्न न्या.

संशोधक शोधायची सोपी वाट म्हणजे गुगल स्कॉलर, आणि आरोग्याच्या विषयासाठी पबमेड, ही शोधनिबंध शोधायची संकेतस्थळं. तिथे इंग्रजीत प्राण्याचं शास्त्रीय नाव किंवा आजाराचं नाव आणि जिल्ह्याचं नाव टाका. जिल्ह्याची जुनी आणि नवी, दोन्ही नावं टाकून पाहा. जुन्या शोधनिबंधांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद असतं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव टाकून ‘आपल्या भागात काही कामच झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात.

निबंधावर पाच-सात नावं असली तर कुणाला गाठायचं? पत्रव्यवहारासाठी ज्याचा ईमेल पहिल्या पानावर असतो, त्याला पत्र पाठवा. पण नावांच्या यादीत पहिलं नाव ज्याचं, त्याच्याशी बोलायची इच्छाही कळवा. पर्यावरण आणि वन्यजीवांच्या निबंधात हा बहुधा तरुण संशोधक असतो, उन्हातान्हात कॅमेरे लावत फिरलेला. मार्गदर्शक सिद्धान्त सांगतील; कुठल्या ओढ्याला कॅमेरा चोरीला गेला, हे तोच सांगेल.

तपासा: निवडलेल्या माणसाचं नेमक्या याच विषयावरचं किमान एक प्रकाशित काम तुमच्या हातात आहे का? नसेल तर टप्पा २ संपलेला नाही.

## टप्पा ३: काम वाचा, आणि उलट्या क्रमाने वाचा

इथेच सगळे घाई करतात. सारांश वाचतात, शेवटचा परिच्छेद वाचतात आणि फोन लावतात. सारांशानंतर थेट ‘पद्धत’ वाचा, मग तक्ते, मग संशोधकांनी स्वतः कबूल केलेल्या मर्यादा. चर्चेचा भाग सगळ्यात शेवटी. तिथे लेखकाची मतं असतात आणि ती आधी वाचली की तुमचे प्रश्न त्याच रुळावरून धावतात. निबंध पैसे देऊन वाचायचा असेल तर लेखकाला मेल करून प्रत मागा, बहुतेक जण आनंदाने देतात.

वाचताना एका कागदावर पाच गोष्टी उतरवा: कुठे, कधी, किती, कशाच्या तुलनेत, आणि पैसा कुणाचा. आरोग्याचा विषय असेल तर आणखी दोन: नैतिक समितीची मान्यता होती का, आणि औषधाची चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत ती नोंदवलेली आहे का. जून २००९ पासून अशा चाचण्यांची आधी नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि ही नोंदणी कुणालाही ऑनलाइन पाहता येते. निबंध ‘प्रीप्रिंट’ असेल, म्हणजे इतर शास्त्रज्ञांनी अजून तपासलेला नसेल, तर तसं ठळक लिहून ठेवा. छापतानाही ते लिहावं लागेल.

पद्धत वाचल्याने काय हाती लागतं, ते बिबट्याच्या आकड्यावरून पाहू. २०२२ च्या गणनेनुसार देशात १३,८७४ बिबटे आणि महाराष्ट्रात १,९८५, हे सगळीकडे छापून आलं. त्याच अहवालात देशाचा आकडा १२,६१६ ते १५,१३२ या पल्ल्यात दिला होता. १३,८७४ हा त्या पल्ल्याचा मध्य आहे. आणि मुख्य म्हणजे ही पाहणी वाघ असलेल्या राज्यांतल्या जंगलांत झाली होती. जंगल नसलेले भाग, कोरडे प्रदेश आणि २,००० मीटरवरचा हिमालय यांत नमुना घेतलाच नव्हता. आता बीडच्या आष्टी तालुक्याकडे बघा, जिथे २०२० च्या अखेरीस बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली. तिथे जंगल किती आणि ऊस-तुरीचं शिवार किती? मग प्रश्न आपोआप तयार होतो: ‘मॅडम, आमच्या उसातला बिबट्या या आकड्यात धरलाय का? नसेल तर मराठवाड्यातली संख्या सांगायला आज काय आधार आहे?’ हा प्रश्न पद्धत वाचल्याशिवाय सुचत नाही, आणि तो विचारला की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

दुसरं उदाहरण सर्पदंशाचं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांतल्या नोंदी याहून खूप कमी असतात. वार्ताहर लगेच ‘आकडे लपवले’ असं लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात दोन्ही आकडे वेगळ्या वाटेने आलेत. पहिला घरोघरी जाऊन, मृत्यूपूर्वीची लक्षणं नातेवाइकांना विचारून काढलेला अंदाज. दुसरा दवाखान्याच्या रजिस्टरमधला. जो घरीच, मांत्रिकाच्या दारात किंवा तालुक्याच्या वाटेवर दगावला, तो रजिस्टरमध्ये येणार कुठून?

सावधान: आकडा दिसला की आधी ठरवा, हा मोजलेला आहे की अंदाजलेला. दोन्ही उपयोगी असतात, पण एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करायला नव्हेत.

## टप्पा ४: शास्त्रज्ञाआधी गावात बोला

बहुतेक जण आधी शास्त्रज्ञाकडे आणि मग ‘रंग भरायला’ गावात जातात. क्रम उलटा ठेवा. लांडग्यावर मुलाखत असेल तर आधी मेंढ्यांच्या वाड्यावर जाऊन धनगर मामांना विचारा: लांडगा कोणत्या वेळी येतो, कळपातलं काय उचलतो, नुकसानभरपाईचा अर्ज कधी केला होता का, पंचनाम्याला कोण आलं. सर्पदंश असेल तर आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. मग शास्त्रज्ञाकडे जाताना तुमच्याकडे लोकांचे प्रश्न असतात आणि उत्तरंही लोकांच्या उपयोगाची मिळतात.

प्राण्यांच्या नावांत फार गफलत होते. गावात ‘वाघरू’ म्हणजे बिबट्या असेल, पण कधी तरससुद्धा त्याच नावाखाली खपतो. ‘हरणं’ म्हणजे काळवीट की चिंकारा, हे विचारावंच लागतं. रोही म्हणजे नीलगाय, हे पुण्या-मुंबईच्या संशोधकाला माहीत असेलच असं नाही. सोबत फोटो ठेवा. फोटोवर बोट ठेवून घ्या, मग नाव लिहा.

आरोग्याच्या विषयात इथे एक वेगळी जबाबदारी येते. रुग्णाचं नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं शहरात होत असेल. खेड्यात होत नाही. तालुका, मुलांची संख्या आणि कोणत्या मुकादमाकडे कामाला होती, एवढं छापलं तरी अख्खी वस्ती ती बाई ओळखते. त्यामुळे ऊसतोड करणाऱ्या मावशींशी बोलताना काय छापणार आणि काय गाळणार, हे त्यांना आधी वाचून दाखवा आणि मगच होकार धरा. मुकादम किंवा नवरा समोर उभा असताना घेतलेला होकार धरू नका.

## टप्पा ५: वेळ आणि परवानगी मागा

‘सर दोन मिनिटं बाइट द्या’ असा फोन सगळ्यांना येतो. तुम्ही मेल करा आणि त्यात वाचल्याची खूण ठेवा. असं काहीतरी:

‘आदरणीय डॉ. ..., मी ... साठी लिहिते. आपला ... सालचा ... वरचा शोधनिबंध वाचला. त्यातली नमुने घेण्याची पद्धत आणि तिसऱ्या तक्त्यातला निष्कर्ष यांबद्दल आपल्याशी चाळीस मिनिटं बोलायचं आहे. संभाषण मराठीत किंवा हिंदीत चालेल. ते ध्वनिमुद्रित करेन. आपली विधानं आणि आकडे छापण्याआधी तपासायला पाठवेन. लेख ... तारखेपर्यंत प्रसिद्ध करायचा आहे. प्रश्नांचे विषय सोबत जोडले आहेत.’

विषय जोडा, प्रश्न शब्दशः जोडू नका. शब्दशः प्रश्न पाठवले की उत्तरं टाइप करून येतात, आणि त्यात जीव नसतो.

वेळ बघून मागा. कृषी विद्यापीठातली माणसं जून-जुलैत खरिपाच्या धांदलीत असतात. पक्षी अभ्यासक नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणवठ्यांवर असतात. त्यांना तिथेच गाठलं तर उत्तम, फोनवर गाठणं कठीण. सरकारी दवाखान्यातल्या प्राध्यापकांना ओपीडीच्या वेळेत फोन लावू नका.

सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाला माध्यमांशी बोलायला वरिष्ठांची परवानगी लागू शकते. ती मिळायला आठवडाही जातो. ‘अनौपचारिक बोला’ म्हणून आग्रह धरला तर अडचण त्यांची होते, तुमची नाही; म्हणून धरू नका. अभयारण्यात जाऊन चित्रीकरण करायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी काढा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटनासाठी प्रवेश परवान्याची तरतूद आहे. ती गौताळ्याला लागू आहे, नायगावच्या मयूर अभयारण्याला आहे आणि जायकवाडीलाही. धरणाच्या भिंतीवरून दिसतं म्हणून ते सार्वजनिक उद्यान होत नाही. ड्रोन हा तर स्वतंत्र विषय. थव्यावरून ड्रोन फिरवलेली चित्रफीत पाहिली की मला मुलाखत पुढे बघवतच नाही.

## टप्पा ६: प्रश्नांची रांग लावा

प्रश्न कितीही चांगले असले तरी क्रम चुकला की मुलाखत बसते. हा क्रम बहुतेक वेळा चालतो:

१. तुम्ही प्रत्यक्ष काय केलं? दिवस कसा असायचा?
२. काय सापडलं? त्यातलं काय अपेक्षित नव्हतं?
३. याची खात्री किती? कशामुळे हे चूक ठरू शकेल?
४. या क्षेत्रातलं कोण तुमच्याशी असहमत आहे, आणि त्यांचा मुद्दा काय?
५. हे मराठवाड्याला कितपत लागू होतं?
६. इथल्या माणसाने उद्या सकाळी वेगळं काय करावं, किंवा काहीच करू नये का?
७. प्रवास, बालपण, संदेश: वेळ उरला तर.

पहिला प्रश्न हाताच्या कामाचा ठेवायचं कारण असं की त्यावर शास्त्रज्ञ साध्या भाषेत बोलतो. ‘सोप्या भाषेत सांगा’ अशी विनंती केली की उलटंच होतं. तो शाळेतल्या मुलाशी बोलल्यासारखं बोलू लागतो आणि अटी गाळतो. त्यापेक्षा विचारा, ‘समजा मी तुमच्यासोबत पहिल्या दिवशी आलो असतो, तर माझ्या हातात काय दिलं असतं?’

तिसरा प्रश्न टाळू नका. कामाच्या मर्यादा विचारल्याने अपमान होतो, हा गैरसमज आहे. बऱ्याच शास्त्रज्ञांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही, याचीच खंत असते.

पाचवा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. सर्पदंशावरची भारतात वापरली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बेतलेली आहे, आणि ते विष प्रामुख्याने तमिळनाडूत पकडलेल्या सापांचं असतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, हे संशोधनातून दिसलं आहे. मग आपल्याकडच्या घोणसाला ती किती लागू पडते, हा प्रश्न रास्तच आहे. तो विचारा. पण छापताना ‘लस निरुपयोगी’ असा सूर निघता कामा नये. आज दंशानंतर दवाखाना आणि हीच लस, याला पर्याय नाही.

तपासा: प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचा. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘अगदी बरोबर’ असं येऊ शकत असेल तर प्रश्नात तुम्हीच उत्तर दिलं आहे. ‘हवामान बदलामुळेच पक्षी कमी झाले ना सर?’ हा त्याचा नमुना.

## टप्पा ७: प्रत्यक्ष बोलणं

दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण करा. फोनवर करत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन उत्तरात कुणाचातरी फोन येतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मळणीयंत्राजवळ, पंख्याखाली बसू नका. नाथसागराच्या काठावर वारा इतका असतो की माइकवर फोमची टोपी नसेल तर घरी आल्यावर फक्त फडफड ऐकू येते. सुरुवातीलाच नाव, हुद्दा आणि ‘मी हे मुद्रित करतोय, चालेल ना?’ हे त्यांच्या आवाजात घ्या. काय छापायचं नाही, हे आधी ठरवा. बोलून झाल्यावर ‘हे छापू नका’ आलं तर वाद होतात.

मग कमी बोला. चार छोटे प्रश्न जवळ ठेवा: किती पैकी? कुठे? कधी? कशाच्या तुलनेत? नव्वद टक्के गोंधळ या चारांत मिटतो. ऊसतोड बायकांचाच विषय घ्या. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत सुमारे ८२,००० बायकांपैकी १३,००० हून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. नुसतं ‘तेरा हजार’ छापलं तर वाचक घाबरतो, नुसती टक्केवारी छापली तर आकार कळत नाही. दोन्ही हवेत, आणि पाहणीत कोण धरलं होतं, कोण सुटलं, हेही हवं.

‘धोका दुप्पट झाला’ असं वाक्य आलं की थांबा. दहा हजारांत एकाचा दोन झाला, की शंभरात वीसचा चाळीस झाला? दोन्ही दुप्पटच. पण पहिल्यात आईने रात्र जागून काढायची गरज नाही.

अवघड भाग झाला की तुम्हीच परत सांगा: ‘मला समजलं ते असं, चुकलं तर थांबवा.’ ही एक सवय तुमची निम्मी दुरुस्ती जागेवरच करते. आणि उत्तर संपलं असं वाटल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. क्षणभर गप्प बसा. खरी अट, खरी शंका बऱ्याचदा त्यानंतरच्या वाक्यात येते.

साथीच्या काळात आणखी जपावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवालात बर्ड फ्लू निघाला. नमुना जाणं आणि अहवाल येणं यांच्यामधल्या दिवसांत शास्त्रज्ञ फक्त ‘कोंबड्या मेल्या आहेत, कारण तपासतोय’ एवढंच सांगू शकतो. त्याच्याकडून ‘शक्यता तर आहे ना?’ असं वदवून घेऊन मथळा करणं म्हणजे आजूबाजूच्या कुक्कुटपालकांचं दिवाळं काढणं. २०२२ च्या लंपीत हेच दुधाबाबत झालं. हा आजार माणसाला होत नाही, तरी लोकांनी दूध बंद केलं.

सावधान: औषधाचं नाव आणि मात्रा मुलाखतीत आली तरी ती जशीच्या तशी छापू नका. वाचक तो कागद घेऊन थेट मेडिकलवर जातो.

## टप्पा ८: उतरवणं

त्याच दिवशी उतरवा. आपोआप मजकूर करून देणारी साधनं आता मराठीत बरी चालतात, पण आकड्यांत हमखास मार खातात. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’, ‘साडेतीन’ यांची वाट लागते. एकोणसत्तरचे एकोणऐंशी होतात. प्रत्येक आकडा मुद्रण ऐकून तपासा. एकक बदलताना तर कागद-पेन घ्याच: एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, एक चौरस किलोमीटर म्हणजे शंभर हेक्टर. पाण्याच्या तपासणीत प्रति लिटर किती मिलिग्रॅम, हे सोडून नुसता आकडा छापू नका. फ्लोराइडची कमाल मर्यादा १.५ आणि नायट्रेटची ४५. एकक गळालं आणि दोघांची अदलाबदल झाली तर अख्खं गाव हादरतं किंवा अख्खं गाव निर्धास्त होतं.

## टप्पा ९: लिहिणं

उत्तर छाटायला हरकत नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं जोडून एक वाक्य करायला आहे. आणि अट कधीच छाटू नका. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी सल्ला असा असतो: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) आठ ते दहा पतंग, प्रत्येक सापळ्यात, सलग तीन दिवस दिसले तर नियंत्रणाचे उपाय करा. लेखात जागा कमी पडली म्हणून ‘सलग तीन दिवस’ गेलं, की शेतकरी पहिल्याच सकाळी पंप पाठीवर घेतो. तीन शब्द वाचवले आणि फवारणीचा खर्च त्याच्या माथी मारला.

वन्यजीवांच्या लेखात जागा लपवा. लांडग्याची गुहा, घुबडाच्या किंवा शिकारी पक्ष्याच्या विणीची जागा, खवल्या मांजराचं बीळ: तालुक्यापेक्षा जवळचा पत्ता देऊ नका. फोटोत फोनने नोंदवलेलं ठिकाण काढून टाका. मागे देवळाचा कळस किंवा पवनचक्की दिसत असेल तर फोटो कापा. गावातल्या पोराला तेवढंच पुरतं.

आता मथळा. हा बहुधा दुसराच कुणीतरी देतो आणि तिथेच घात होतो. ‘उसामुळे बिबटे वाढले’ आणि ‘बिबटे उसात राहू लागलेत, वाढलेत का ते अजून मोजलेलं नाही’ यांतला दुसरा लांब आहे, पण खरा आहे. मथळा तुम्ही देत नसाल तर दोन पर्याय लिहूनच द्या.

## टप्पा १०: तपासून घेणं

पूर्ण लेख शास्त्रज्ञाला दाखवावा की नाही, यावर मतभेद आहेत. माझं मत: त्यांची विधानं, आकडे आणि पद्धतीबद्दलचा परिच्छेद पाठवावा, बाकीचा लेख तुमचा. ‘परवा संध्याकाळी सहापर्यंत कळवा’ अशी वेळ द्या. शास्त्रज्ञ डेहराडूनचा किंवा बंगळुरूचा असेल आणि मराठी वाचत नसेल, तर तुमचा मराठी मजकूर फोनवर हिंदीत सांगा. अनुवादातली चूक तिथेच पकडली जाते.

तथ्याची दुरुस्ती आली की मुकाट्याने करा. ‘हे वाक्य जरा सौम्य करा’ असं आलं तर कारण विचारा. एखाद्या खात्यावर केलेली टीका मुद्रणात असेल आणि नंतर मागे घ्यायची असेल, तर ते वाक्य ठेवायचं की नाही हे तुमच्या संपादकाशी बोलून ठरवा. नोकरी जायचा धोका खरा असेल तर माझ्या मते वाक्य सोडावं आणि तोच मुद्दा कागदपत्रांवरून मांडावा.

याच टप्प्यावर दुसरा शास्त्रज्ञ हवा, त्या निबंधावर नाव नसलेला. त्याला एकच विचारा: ‘या पद्धतीत तुम्हाला काय कमी वाटतं?’ दोन ओळी मिळाल्या तरी पुरे. न मिळाल्या तर ‘स्वतंत्र मत मिळालं नाही’ असं लेखात लिहा.

तपासा: शास्त्रज्ञाने नुसता मथळा वाचला तर तो मान डोलावेल का? धनगर मामांना लेख वाचून दाखवला तर ते ‘असंच आहे’ म्हणतील का?

## टप्पा ११: छापून आल्यावर

लेखाची प्रत किंवा दुवा सगळ्यांना पाठवा, गावातल्यांनाही. त्यांना बहुधा कुणी पाठवत नाही. चूक निघाली तर गुपचूप बदलू नका. काय होतं, काय केलं आणि कोणत्या तारखेला, ते लेखाच्या खालीच लिहा. मुद्रण वर्षभर तरी ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि विषय टाका, शास्त्रज्ञाचं नाव टाकायचं तर टाका, पण रुग्णाचं कधीही नको. प्रीप्रिंटवर आधारलेली मुलाखत असेल तर काही महिन्यांनी तो निबंध छापून आला का, आकडे बदलले का, ते बघा, आणि बदलले असतील तर लेखात तशी भर घाला.